काट्यामागचा दिवा

रात्री गाडी चालवणाऱ्या पुष्कळांच्या अनुभवाची ही गोष्ट आहे. दिवेलागण होते, हेडलाइट लावले जातात आणि समोरच्या डॅशबोर्डचा एक कोपरा काळाच राहतो. वेगाचा काटा दिसतो, पेट्रोलचा दिसतो. इंजिनाच्या तापमानाचा मात्र दिसत नाही. त्याच्यामागचा छोटासा बल्ब गेलेला असतो. गाडी बंद पडत नाही, इंजिनाचा आवाज बदलत नाही, पोलीसही अडवत नाही. ‘बघू रविवारी’ असे म्हणून आपण पुढे जातो. तो रविवार मात्र लवकर येत नाही.

एवढ्याशा बल्बवर रविवारच्या पत्रकाचे पान कशाला खर्च करायचे, असे कोणी विचारील. पण या बल्बमागे एक जुना आणि अवघड प्रश्न दडलेला आहे. जे आपल्याला दिसलेच नाही, त्याची जबाबदारी आपल्यावर येते का? ‘मला माहीत नव्हते’ हे उत्तर केव्हा खरे मानावे आणि केव्हा ती नुसती सबब असते?

आपल्याकडे कुटुंबाची व्हॅन म्हटली की मारुती ओम्नी डोळ्यांसमोर येते. १९८४ साली ती ‘मारुती व्हॅन’ म्हणून रस्त्यावर आली, १९८८ पासून ओम्नी या नावाने ओळखली जाऊ लागली आणि २०१९ साली तिचे उत्पादन थांबले. ७९६ सीसीचे छोटे इंजिन, तेही पुढच्या सीटखाली. आणि बाजूला सरकते दार. या गाडीने लग्नाची माणसे वाहिली, बाप्तिस्म्याची मंडळी वाहिली, सकाळी शाळेची मुले आणि पहाटे बाजाराची भाजी वाहिली. रात्री-अपरात्री आजोबांना दवाखान्यात नेले तेही तिनेच. अशा गाडीत चालवणारा एक आणि त्याच्या भरवशावर बसलेले सहा-सात जण असतात. मागे बसलेल्यांना काटे दिसत नाहीत. त्यांनी आपले डोळे जणू चालकाच्या स्वाधीन केलेले असतात. म्हणून चालकाला काय दिसते आणि काय दिसत नाही, हा त्याचा एकट्याचा प्रश्न राहत नाही.

आधी हा बल्ब काय काम करतो ते पाहू. काटा आणि दिवा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काटा आपले मोजमाप करीतच असतो. दिवा गेला म्हणून इंजिन तापायचे थांबत नाही आणि काटा वर चढायचाही थांबत नाही. अंधारात तो खरेच सांगत असतो. फक्त ते वाचणारे कोणी नसते. सत्य आपल्या जागी असते, आपल्यापर्यंत पोहोचण्याची वाट तेवढी बंद झालेली असते.

बल्ब का जातो? जुन्या पद्धतीच्या बल्बमध्ये टंगस्टनची बारीक तार असते. ती तापून उजळते आणि उजळता उजळता कणाकणाने झिजते. म्हणून जुन्या बल्बची काच आतून काळसर होते. एक जागा फार बारीक झाली की तार तिथे तुटते. बहुधा बटण दाबण्याच्या क्षणीच तुटते, कारण थंड तारेतून पहिल्या क्षणी जास्त विद्युतप्रवाह धावतो. म्हणजे बल्ब जाणे हा कोणाचा गुन्हा नाही. जी वस्तू जळून प्रकाश देते, ती कधीतरी संपणारच. दोष कुठे असलाच, तर तो त्यानंतर सुरू होतो.

दुरुस्तीही फार मोठी नसते. उघडाउघड करण्यापूर्वी दोन गोष्टी पाहायच्या. डॅशबोर्डचा उजेड कमी-जास्त करणारे बटण असेल, तर ते कोणी खाली फिरवून ठेवलेले नाही ना? आणि फ्यूज उडालेला नाही ना? अनेक गाड्यांत डॅशबोर्डचे दिवे आणि मागचे लाल दिवे एकाच फ्यूजवर असतात. सगळा डॅशबोर्ड एकदम काळा झाला, तर मागून येणाऱ्या ट्रकलाही आपली गाडी दिसत नसण्याची शक्यता असते. आपल्या समोरचा अंधार कधी कधी दुसऱ्यासाठीही अंधार असतो, हे येथे ध्यानात घ्यावे.

फ्यूज ठीक असेल तर बॅटरीची निगेटिव्ह तार सोडायची, मीटरभोवतीची चौकट काढायची, मीटर हलक्या हाताने पुढे घ्यायचे. जुन्या गाड्यांत वेगाच्या काट्याला मागून केबल जोडलेली असते. ती ओढायची नाही. मागच्या बाजूला प्लॅस्टिकचे होल्डर दिसतात. बहुतेक गाड्यांत ते पाव वळसा फिरवले की हातात येतात. बल्ब काढायचा आणि तेवढ्याच वॅटचा नवा बसवायचा. जास्त वॅटचा बसवला तर उष्णतेने प्लॅस्टिक खराब होऊ शकते. एलईडी बसवला आणि तो लागला नाही, तर उलटा करून पाहायचा. त्याला अधिक-उणे कळते. जाणता मेकॅनिक आणखी एक सल्ला देतो. मीटर उघडलेच आहे तर सगळेच बल्ब बदला. एकाच वयाचे आहेत, एक गेला म्हणजे बाकीचेही फार मागे नाहीत.

अर्ध्या-पाऊण तासाचे हे काम माणसे सहा-सहा महिने का करीत नाहीत? पैशापेक्षा मोठे कारण सवय हे आहे. पहिल्या रात्री तो काळा कोपरा डोळ्यांत खुपतो. आठ दिवसांनी तो खुपेनासा होतो. महिन्याने डॅशबोर्ड असाच होता असे वाटू लागते. अंधाराची सवय होते, तिथे अंधार आहे हेही आपण विसरतो.

आता समजा, एक गृहस्थ लग्न आटोपून रात्री घाटाने परत येत आहेत. मागे म्हातारी आई, बायको, मुले झोपलेली आहेत. रेडिएटरचे पाणी गळते आहे, काटा लाल रेषेपाशी पोहोचला आहे; पण काट्यामागचा बल्ब चार महिन्यांपूर्वी गेला आहे. इंजिन तापते आणि वळणावर गाडी बंद पडते. गृहस्थ म्हणतात, ‘मला दिसलंच नाही हो!’ ते खोटे बोलत नाहीत. त्या क्षणी त्यांना खरोखरच दिसले नव्हते. मग ते निर्दोष ठरतात का?

ॲरिस्टॉटलने या प्रश्नाचा विचार दोन हजार वर्षांहून अधिक काळापूर्वी केला होता. दारूच्या नशेत गुन्हा करणारा म्हणतो, मला शुद्ध नव्हती. ॲरिस्टॉटल दाखवून देतो की अशा माणसाला दुप्पट शिक्षा देणारे कायदे आहेत. कारण शुद्ध घालवणे त्याच्याच हाती होते. न कळण्याचे मूळ ज्याच्या स्वतःच्या हातात आहे, त्याला न कळण्याचा आडोसा घेता येत नाही.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी ‘सुम्मा’ या ग्रंथात अज्ञानाची बारकाईने छाननी केली. सगळे अज्ञान सारखे नसते, असे ते म्हणतात. जे कळणे आपल्या आवाक्यातच नव्हते, त्याचा दोष आपल्यावर येत नाही. बोनेटखाली एखादा पाइप आजच, नकळत फुटला, तर त्याचा जाब चालकाला कोण विचारील? पण जे कळणे शक्य होते आणि कळून घेणे आपले कर्तव्यही होते, ते हयगयीमुळे कळले नाही, तर ते न कळणे हाच दोष ठरतो. आणि याच्याही पुढे एक तिसरी पायरी आहे. माणूस मुद्दाम कळून घेत नाही. कळले तर काहीतरी करावे लागेल, म्हणून. आपल्याकडे त्याला डोळ्यांवर कातडे ओढणे म्हणतात.

ही तिसरी पायरी गाड्यांच्या व्यवहारातही आहे. डॅशबोर्डवर उजेड देणारे बल्ब असतात, तसे इशारा देणारेही असतात. ऑइलचा दिवा, बॅटरीचा दिवा, नव्या गाड्यांत इंजिनाचा पिवळा दिवा. जुनी गाडी विकताना काही लबाड माणसे इंजिनातील दोष दुरुस्त करण्याऐवजी इशाऱ्याचा दिवाच निकामी करतात. गिऱ्हाईक गाडी चालवून पाहते. एकही दिवा लागत नाही. सारे काही ठीक आहे असे समजून ते पैसे मोजते.

गाडी बनवणाऱ्यांना हा धोका आधीच ठाऊक आहे. म्हणून त्यांनी एक साधी सोय करून ठेवली आहे. किल्ली फिरवली आणि इंजिन सुरू व्हायचे असले, की इशाऱ्याचे दिवे क्षणभर लागतात. त्यावेळी दोष असतो म्हणून ते लागत नाहीत, तर ‘मी जिवंत आहे, वेळ आली तर बोलेन’ एवढेच ते सांगत असतात. इंजिन सुरू झाले की ते विझतात. आता त्यांच्या गप्प राहण्याला अर्थ आहे. किल्ली फिरवल्यावर जो दिवा लागलाच नाही, त्याच्या गप्प राहण्याला मात्र काही अर्थ नाही. दोन्ही गाड्यांचे डॅशबोर्ड रस्त्यावर अगदी सारखे दिसतात. एक शांत आहे, दुसरा मुका आहे.

मला वाटते, या साऱ्या विषयाचे सार येथे आहे. आपण शांततेला नेहमी चांगले लक्षण समजतो. ‘माझं मन मला खात नाही’, म्हणजे मी बरोबर आहे. ‘आमच्या घरात कधी कुरबुर नाही’, म्हणजे सगळे सुखी आहेत. ‘वार्षिक सभेत हिशेबावर कोणी एकही प्रश्न विचारला नाही’, म्हणजे हिशेब चोख आहे. असेलही. पण हे दिवे जिवंत आहेत का, हे आपण शेवटचे केव्हा पाहिले?

सून गप्प आहे. ती समाधानी आहे म्हणून, की पहिल्या वर्षी दोनदा बोलून पाहिले आणि दोन्ही वेळा तिचे ऐकून घेतले गेले नाही म्हणून? तरुण मुलगा हल्ली वडिलांशी वाद घालत नाही. त्याला पटले म्हणून, की त्याने नाद सोडला म्हणून? म्हातारी आई ‘मला काही नको रे’ म्हणते. तिला खरोखरच काही नको आहे, की मागून काही मिळत नाही हे तिला कळून चुकले आहे? बाहेरून पाहणाऱ्याला यातला फरक दिसत नाही. आणि पुढे एखादे दिवशी घर वळणावर बंद पडते, तेव्हा आपण म्हणतो, ‘आम्हाला कोणी काही सांगितलंच नाही.’ ते खरेही असते. पण सांगणारा दिवा कोणी विझवला?

काही जुन्या गाड्यांत याहून बोलकी रचना असते. बॅटरी चार्ज होत नसल्याचा इशारा देणारा जो बल्ब असतो, त्याच्यातूनच अल्टरनेटरला सुरुवातीचा प्रवाह मिळतो. तो बल्ब जळाला तर इशारा तर जातोच, पण बॅटरी चार्ज होणेही बंद पडू शकते. घरात खरे बोलणाऱ्या माणसाचेही असेच असते. आपण त्याला कटकट समजतो. तो गप्प झाल्यावर कळते की घराचा पुष्कळसा प्रवाह त्याच्यातूनच वाहत होता.

विल्यम क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञाने १८७७ साली एका जहाजमालकाचे उदाहरण दिले होते. जहाज जुने आहे, ते तपासून घ्यायला हवे, असे मालकाच्या मनात येते. पण खर्च फार. मग तो मनाची समजूत घालतो. इतक्या सफरी झाल्या, ही पण होईल. हळूहळू त्याची खात्रीच पटते. जहाज प्रवाशांसह बुडते. मालकाचा विश्वास प्रामाणिक होता, पण तसा विश्वास ठेवायचा त्याला अधिकार नव्हता, असे क्लिफर्ड म्हणतो. त्याचे पुढचे म्हणणे जास्त बोचणारे आहे. जहाज सुखरूप पोहोचले असते, तरीही मालकाचा दोष तसूभर कमी झाला नसता. बल्बशिवाय वर्षभर गाडी चालवूनही काही झाले नाही, असे म्हणणाऱ्याने यावर विचार करावा. काही झाले नाही हे त्याचे नशीब. मागच्या सीटवर झोपलेली मुले वर्षभर त्या नशिबावर प्रवास करीत होती.

येथे एक आक्षेप रास्त आहे. सगळ्यांना एकाच मापाने मोजता येणार नाही. पगारावर गाडी चालवणाऱ्या माणसाने मालकाला तीनदा सांगितले आणि मालकाने बल्बला पैसे दिले नाहीत, तर दोष त्या चालकापेक्षा मालकाचा मोठा आहे. घरात आजारपण आहे, हातात पैसा नाही, त्या माणसाने दुरुस्ती पुढे ढकलली, तर त्याला नावे ठेवण्याआधी त्याच्या जागी उभे राहून पाहावे. तो निदान दिवसा गाडी काढतो का, मध्ये थांबून पाणी तपासतो का, हे महत्त्वाचे. आपल्याला अंधार आहे हे ज्याला ठाऊक आहे आणि जो त्या मानाने सावध चालतो, तो अंधार विसरलेल्या माणसापेक्षा पुष्कळ बरा.

दुसरा धोका याच्या अगदी उलट आहे. २९ डिसेंबर १९७२ च्या रात्री ईस्टर्न एअर लाइन्सचे ४०१ क्रमांकाचे विमान न्यूयॉर्कहून मायामीला पोहोचत होते. पुढचे चाक खाली येऊन अडकले, हे सांगणारा दिवा लागला नाही. वैमानिकांनी विमान सुमारे दोन हजार फुटांवर स्वयंचलित यंत्रणेवर ठेवले आणि सगळे त्या दिव्याच्या मागे लागले. दिवा काढून पुन्हा बसवताना तो अडकून बसला. एक जण चाक डोळ्यांनी पाहण्यासाठी खाली उतरला. या गडबडीत विमान हळूहळू खाली येऊ लागले. तसा इशारा देणारी घंटीही वाजली, पण ती कोणाच्या लक्षात आली नाही. विमान फ्लोरिडाच्या दलदलीत कोसळले आणि १०१ माणसे मृत्युमुखी पडली. नंतरच्या तपासात दिसले की चाक व्यवस्थित खाली आलेले होते. जळाला होता तो फक्त बल्ब.

त्या माणसांनी बल्बकडे दुर्लक्ष केले नव्हते. उलट त्यांना बल्बखेरीज काही दिसेनासे झाले होते. मनाच्या बाबतीतही असे होते. काही भाविक माणसे बारीकसारीक चुकांचा इतका काथ्याकूट करतात, प्रार्थनेत एक शब्द चुकला का, उपवासात घोटभर चहा जास्त झाला का, की शेजारचे माणूस पंधरा दिवस अंथरुणावर आहे हे त्यांच्या ध्यानीच येत नाही. संत इग्नाशियस लोयोला यांनी स्वतः अशा संशयी मनाचा छळ सोसला होता आणि पुढे त्यातून मार्ग काढण्याचे नियमही लिहिले. दिवा हा रस्ता दिसावा म्हणून असतो. दिव्याकडेच पाहत राहिले तर रस्ता राहून जातो. म्हणूनच बल्ब गाडी उभी असताना बदलायचा असतो, धावत्या गाडीत नव्हे. आत्मपरीक्षणालाही दिवसाकाठी ठरलेली थोडी वेळ द्यावी, आणि मग उठून कामाला लागावे.

आजच्या नव्या गाड्यांत तारेचे बल्ब जवळजवळ राहिले नाहीत. एलईडी आणि पडदे आले. ते पुष्कळ वर्षे टिकतात. माणसाच्या आतल्या दिव्याला अजून तसा पर्याय निघालेला नाही. तो झिजतो, मंदावतो, आणि मंदावल्याचे आपले आपल्याला कळत नाही. त्याच्यासाठी किल्ली फिरवून पाहणे हाच उपाय आहे.

घरात हे कसे करायचे? संकटाची वाट पाहू नये. काही बिघडलेले नसताना, एखाद्या साध्या संध्याकाळी, लहानशा गोष्टीवर विचारून पाहावे. ‘माझं काही चुकतं का?’ आणि मग थोडे थांबावे. उत्तर आपणच देऊ नये. मुलगा म्हणाला, ‘हो बाबा, तुम्ही आईला सगळ्यांसमोर तोडून बोलता’, तर ऐकायला कडू लागेल. पण दिवा लागला, तो जिवंत आहे. पत्नी म्हणाली, ‘काही नाही, सगळं ठीक आहे’, आणि मान खाली घालून भांडी आवरू लागली, तर तेवढ्यावर समाधान मानून निघू नये. कदाचित सगळे ठीक असेलही. पण आधी मीटर हलक्या हाताने पुढे घेऊन मागे पाहायला हवे. आणि ओढाताण करायची नाही, कारण मागे केबल जोडलेली असते.